पेशंटबरोबर कोण आहे? कोकणातल्या सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा सोबतीला राहणाऱ्यांसाठी

वॉर्डात ही हाक पडली की उठून पुढे जायचं ते तुम्ही. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं हे तुमचं काम नाही. तुमचं काम माहिती पोचवायचं. सिस्टरची पाळी बदलते, ड्यूटीवरचे डॉक्टर बदलतात, कधीकधी दवाखानाच बदलतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच राहतं असं माणूस एकच, सोबतीला आलेलं. कोकणातल्या दवाखान्यांत गडबड होते ती बहुतेक वेळा या बदलांच्या वेळीच. सकाळी सांगितलेलं रात्रीच्या पाळीला कळत नाही, तालुक्याला काढलेला एक्स-रे सिव्हिलला पोचत नाही, घरी चालू असलेली गोळी कुणाला ठाऊकच नसते.

निघण्याआधी: कुठे जायचं

गावातलं उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग साधारण ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय (कामथे, कळंबणी, दापोली, कणकवली, सावंतवाडी, माणगाव यांसारखं) आणि शेवटी अलिबाग, रत्नागिरी, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे सिव्हिल. ताप, जुलाब, साधी बाळंतपणं, कुत्रा चावणं, साप चावल्यावरचा पहिला उपचार यांसाठी थेट सिव्हिलला धावायची गरज नसते. रक्तपेढी, अतिदक्षता, नवजात बाळांचा कक्ष, सीटी स्कॅन या गोष्टी मात्र शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतात. जवळच्या केंद्रात आधी स्थिर करून मग पुढे नेणं हे जास्त धोक्याचं वाटतं, पण बहुतेक वेळा उलटं असतं. तासभर रस्त्यात विनाउपचार जाण्यापेक्षा वाटेवरच्या आरोग्य केंद्रात पहिली सुई टोचून घेतलेली बरी.

पिशवीत काय हवं? आधी कागद. पेशंटचं आधार, रेशनकार्ड (मूळ आणि झेरॉक्स), जुन्या केसपेपरांची फाईल, चालू औषधांची पाकिटं. नुसत्या गोळ्या डबीत भरून आणू नका. पांढरी छोटी गोळी सकाळी आणि अर्धी रात्री, एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. गोळ्यांच्या पट्टीवर छापलेलं नाव आणि मिलिग्रॅम हवं. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेचं इन्शुलिन आणि फिटची गोळी, या तीन गोष्टी न विचारता सांगायच्या. सगळे कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत. जून ते सप्टेंबर कोकणात भिजलेल्या फाईलवरची शाई पसरून रिपोर्ट वाचता येत नाहीत, हे नेहमीचं. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि घरच्या एकाला पाठवा.

मग सामान: चटई, दोन चादरी, टॉवेल, साबण, मग, तांब्या-पेला, थर्मास, मच्छर अगरबत्तीऐवजी अंगाला लावायचं मलम (वॉर्डात ऑक्सिजन चालू असतो, काडी पेटवायची नाही), बॅटरी, चार्जर, वही आणि पेन. खाट पेशंटला मिळते, सोबतीच्या माणसाची पथारी खाली. जेवण पेशंटला दवाखान्यातून मिळतं, तुमचं तुम्ही बघायचं.

१०८ ला काय सांगायचं

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे, पेट्रोल म्हणूनही कुणाला पैसे द्यायचे नाहीत. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांच्यासाठी १०२ आहे. फोनवर आधी तालुका, गाव, वाडी, मग ठळक खूण (देऊळ, शाळा, एसटीचा थांबा) आणि शेवटी आजार, या क्रमाने सांगा. कोकणात एकाच नावाच्या चार वाड्या असतात, गाडी भलत्या वाडीत गेली की अर्धा तास गेला. घरापर्यंत रस्ता नसेल तर ते स्पष्ट सांगा आणि पेशंटला डोलीतून किंवा खुर्चीवर बसवून फाट्यापर्यंत आणायला चार माणसं आधीच गोळा करा. फाट्यावर बॅटरी घेऊन एक जण उभा हवा. फोन लावणाऱ्याचा नंबर चालू राहिला पाहिजे. वाडीत रेंज नसेल तर जिथे रेंज येते त्या टेकाडावर एक माणूस बसवा.

साप चावला असेल तर वेळ लिहून ठेवा. चावल्याची जागा कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट दोरी बांधायची नाही. हातापायातली बांगडी, कडं, पैंजण काढा, कारण सूज चढते. पाय चालवू नका, फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. साप मारून आणण्याच्या नादात दुसऱ्यालाही चावतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर सोडून द्या. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे, त्यामुळे सापाच्या नावावाचून काही अडत नाही. दवाखान्यात साधारण दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं. त्या २० मिनिटांत "काहीच करत नाहीत" म्हणून आरडाओरडा करू नका, तपासणीच चालू असते. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड आणि गिळायला त्रास, असं असेल तर "जमिनीवर झोपला होता" हे डॉक्टरला आवर्जून सांगा. भगताकडे किंवा देवळात नेलं असेल, झाडपाल्याचं काही पोटात दिलं असेल तर तेही सांगून टाका. ओरडा खावा लागेल, खा. कावीळ झालेल्याला घरी कुठली मुळी उगाळून दिली हे लपवलं तर यकृताचे रिपोर्ट का बिघडले याचा पत्ता लागत नाही.

विंचवाचं वेगळं. लाल विंचू चावून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर ते नुसतं दुखणं नव्हे, हृदयावर ताण येतोय. यावर प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच मुलखातल्या रुग्णांवरच्या कामातून जगाला दाखवून दिलं. तेव्हा कोकणातल्या डॉक्टरला हा उपचार नवा नाही. तुम्ही फक्त घाम आणि उलटी कधी सुरू झाली ती वेळ सांगा.

केसपेपर आणि योजना

तातडीचा पेशंट असेल तर आधी कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग), केसपेपर नंतर. साध्या ओपीडीला आधी खिडकी. आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्राचा) मोबाईलवर असेल तर खिडकीजवळचा क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळतं, रांग वाचते. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या. घरात बाबी, कार्डावर पार्वती आणि केसपेपरवर माहेरचं आडनाव, असं झालं की पुढे योजनेचा अर्ज अडतो, जन्माचा दाखला चुकतो, विम्याचं काम तर राहतंच.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, औषधं, भरती सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याखाली येतात. अलिबाग, रत्नागिरी आणि ओरोसला आता महाविद्यालयं जोडली गेली आहेत, तेव्हा तिथे एखाद्या तपासणीला शुल्क सांगितलं तर पावती मागा आणि कशाचं ते विचारा.

अपघात, झाडावरून पडणं (माड, आंबा, काजू, सगळंच आलं), विषबाधा, भाजणं, मारहाण या पेशंटची पोलिसांत नोंद होते. घाबरायचं कारण नाही, उपचार त्यासाठी थांबत नाहीत. पण जबाब देताना जे झालं तेच सांगा. "पाय घसरला" आणि "माडावरून पडला" यांत पुढे विम्याचा फरक पडतो.

मोठी शस्त्रक्रिया, हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, अतिदक्षता असं काही असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या टेबलाकडे पहिल्याच दिवशी जा. तिथे आरोग्यमित्र बसतो. आता ही योजना सर्व रेशनकार्डधारकांना आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. मदतीचा क्रमांक १५५३८८. दोन गोष्टी लोकांना उशिरा कळतात. एक, मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. खिशातून पैसे भरून घरी गेल्यावर मागाहून परतावा मिळत नाही. तातडीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतो, पण कळवायला कुणीतरी लागतं. दोन, पेशंटचं नाव त्या रेशनकार्डावर असलं पाहिजे. कोकणात इथेच घोळ होतो. नाव मुंबईच्या कार्डात चढवायचं म्हणून गावच्या कार्डातून कमी केलेलं असतं आणि मुंबईत चढवायचं राहून जातं. घरात कुणी आजारी नसताना हे तपासून ठेवा.

वॉर्डातला दिवस

पाळ्या साधारण सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठला बदलतात. बदलण्याच्या आधी-नंतरची वीस-पंचवीस मिनिटं सिस्टर एकमेकींना पेशंट सोपवत असतात, त्या वेळी चादर मागू नका. पण नव्या पाळीची सिस्टर खाटेपाशी आली की दोन वाक्यांत सांगा: "दुपारी चार वाजता ताप १०२ होता, गोळी दिली. लघवी सकाळपासून दोनदाच." एवढं सांगणाऱ्या माणसाकडे सिस्टर पुढच्या वेळी आपणहून येऊन विचारतात.

डॉक्टरांचा राउंड सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास. राउंडच्या वेळी चहाला जाऊ नका. दिवसातली हीच पाच मिनिटं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची एक खोड आहे: रात्रभर कण्हत काढतील, आणि डॉक्टर समोर आले की "बरा आसा" म्हणून हात जोडतील. डॉक्टर मराठवाड्यातले किंवा विदर्भातले असतील तर त्यांना मालवणी कमी कळते, ते पुढच्या खाटेकडे सरकतात. म्हणून वही. वहीत एका पानावर एक दिवस: ताप आणि वेळ, लघवी किती वेळा आणि रंग, शौच, काय खाल्लं, झोप, दुखणं कुठे. राउंडला हे वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागतं. मग तीन प्रश्न विचारा: आज उपचारात काय बदललं, कुठल्या रिपोर्टची वाट बघतोय, आणि काय दिसलं तर रात्री तुम्हाला उठवायचं. उत्तर तिथेच लिहून घ्या.

लघवीचं एवढं का? पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत तापाचे जे पेशंट येतात त्यांत लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असतो, आणि लेप्टोत मूत्रपिंड आधी बसतं. मोठ्या माणसाची लघवी २४ तासांत अर्ध्या लिटरच्या खाली गेली तर तो इशारा असतो. "झाली होती" म्हणून चालत नाही, मापाच्या भांड्यात किंवा रेघा असलेल्या बाटलीत मोजा. पाणी, पेज, चहा किती गेलं तेही मिलिलिटरमध्ये. आपला नेहमीचा पेला किती मिलिलिटरचा, हे एकदा औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून ठेवा. चिखलात काम केलं होतं, पायाला जखम होती, हे ताप आल्या दिवशीच सांगायचं. दोडामार्ग-सावंतवाडी भागातला पेशंट असेल आणि काजूच्या बागेत किंवा रानात गेला असेल, तिथे माकडं मेलेली पाहिली असतील तर तेही. तिकडे माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत.

सलाईनची नळी. साध्या संचाच्या पाकिटावर "२० थेंब म्हणजे १ मिलिलिटर" असं छापलेलं असतं. ५०० मिलिलिटरची बाटली ८ तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण २१ थेंब, ४ तासांत द्यायची तर ४२. घड्याळ लावून थेंब मोजा, बाटली कधी संपेल याचा अंदाज येईल आणि संपायच्या पंधरा मिनिटं आधी सिस्टरला सांगता येईल. नळीवरच्या थेंब कमी-जास्त करायच्या चाकाला हात लावायचा नाही. "लवकर संपू दे, घरी जायचंय" म्हणून चाक सैल करणारे नातेवाईक प्रत्येक वॉर्डात असतात, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या पेशंटला भराभर गेलेलं पाणी फुप्फुसात साठून दम लागतो. सुईच्या जागी सूज, लाली, गार किंवा दुखरं लागलं तर सुई जागेवरून हलली आहे, लगेच सांगा. लघवीची पिशवी नेहमी पोटाच्या पातळीखाली टांगायची, पण जमिनीला टेकवायची नाही. पेशंटला हलवताना ती छातीवर ठेवली तर घाण लघवी उलटी जाते.

पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलवा. माकडहाडाची जागा आणि टाचा रोज बघा. लाल झालेली जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर बेडसोरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. पावडरचे थर देऊ नका, घामाने त्याच्या गुठळ्या होतात. पुसून कोरडं ठेवा.

डबा

पेज पोटाला हलकी, पण उकड्या तांदळाची पेज आणि मीठ हे सगळ्यांना चालत नाही. साखर असेल तर पेजेने साखर चढते. हृदय, रक्तदाब, सूज असलेल्याला लोणचं, सुकटीची चटणी, खारं तिवळ बंद. आणि शहाळं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस दोन शहाळी घेऊन येतो. मूत्रपिंडाचा त्रास किंवा डायलिसिस असलेल्या पेशंटला शहाळ्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या खाटेवर शहाळं फोडायचं नाही, आणलेलं तुम्ही प्या. शस्त्रक्रियेआधी "तोंडावाटे काही नाही" म्हटलं की चहाचा घोटसुद्धा नाही. साधारण जेवण ६ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद होतं, पण तुमच्या पेशंटला जी वेळ दिली तीच खरी. आजीने दया येऊन अर्धं बिस्कीट भरवलं तर ऑपरेशन रद्द होतं. लपवलं तर भुलीत ते बिस्कीट श्वासनलिकेत जाऊ शकतं.

बाहेरून औषध, सही, रक्त

चिठ्ठीवर बाहेरचं औषध लिहून मिळालं तर आधी दवाखान्याच्या औषधालयात दाखवा आणि त्याच जातीचं दुसरं काही साठ्यात आहे का, असं डॉक्टरला विचारा. बरेचदा असतं. नाहीच मिळालं तर वैद्यकीय अधीक्षकांच्या कानावर घाला. बाळंतिणीला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषध, रक्त, तपासण्या आणि आहार फुकट आहेत, तिला चिठ्ठी देणं बरोबर नाही. आहार साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस, आणि घरी सोडायला गाडीसुद्धा. कुणी वर पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

संमतीपत्रावर सही शुद्धीत असलेल्या प्रौढ पेशंटची स्वतःची. नवरा मुंबईहून येईपर्यंत बाईचं ऑपरेशन थांबवायचं काही कारण नाही. सहीआधी विचारा: काय करणार, का, न केल्यास काय, भूल कुठली.

रक्त लागणार असेल तर नमुन्याच्या बाटलीवरचं नाव आणि नोंदणी क्रमांक तुम्ही स्वतः वाचा. वॉर्डात एकाच आडनावाचे चार जण असतात, आणि रक्तात होणारी चूक बहुतेक लेबलची असते. जुळणीला पाऊण-एक तास लागतो. पिशवी रक्तपेढीतून घेतल्यावर वाटेत कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत. बाहेर काढल्यापासून अर्ध्या तासात ती लागायला हवी आणि चार तासांत संपायला हवी. पिशवी गरम पाण्यात धरू नका. पहिली पंधरा मिनिटं खाटेजवळून हलू नका. थंडी, खाज, दम, कंबरेत कळ यांतलं काही झालं तर हाक मारा. रक्त द्यायला गावाहून माणसं बोलवायची असतील तर आधीच गाळून बोलवा: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, मागच्या रक्तदानाला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले. जीप भरून दहा जण येतात आणि त्यांतले सहा उपाशीपोटी किंवा रात्रीची घेऊन आलेले, म्हणून परत जातात.

वरती पाठवलं तर

रात्री दहा वाजता डॉक्टर म्हणतात, "इथे होणार नाही, पुढे न्या." रेफर. याच वेळी घरच्यांचं सगळ्यात जास्त चुकतं, आणि त्यात फोनचा वाटा मोठा. मुंबईहून एक भाऊ सांगतो केईएमला आणा, दुसरा म्हणतो कोल्हापूर, पुतण्या गोवा. म्हणून भरतीच्या दिवशीच ठरवून ठेवा: डॉक्टरशी बोलणारा एक, मुंबईकरांशी बोलणारा दुसरा, आणि निर्णय पेशंटजवळच्या माणसाचा.

डॉक्टरला विचारायचं ते हे. पुढे नेमकं काय मिळणार जे इथे नाही? तेवढं जवळात जवळ कुठे मिळतं? तुम्ही तिथे फोन करून खाट किंवा व्हेंटिलेटर आहे का विचाराल का? हा शेवटचा फोन डॉक्टरनेच करायला हवा. तुमच्या फोनला तिकडून उत्तर मिळत नाही. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. गाडी १०८ चीच मागवायला सांगा. एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेण्याचंही काम ती करते, मात्र कुठपर्यंत जाईल ते तिथेच विचारा. खाजगी गाडी करावीच लागली तर ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे का ते काट्यावर बघा आणि सोबत कोण प्रशिक्षित माणूस येतोय ते विचारा. नुसता ड्रायव्हर आणि सायरन याला रुग्णवाहिका म्हणत नाहीत.

रस्ता कुठला? रत्नागिरीहून कोल्हापूर आंब्याने, कणकवलीकडून फोंडा किंवा गगनबावड्याने, चिपळूणहून कराड कुंभार्लीने. जुलै-ऑगस्टात घाट चालू आहे का हे निघण्याआधी ड्रायव्हरला खात्री करायला लावा. दरड पडलेल्या घाटात अडकलेल्या गाडीत सिलिंडर संपतं. सावंतवाडी, दोडामार्गकडचे बरेच पेशंट बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, जातात. तिथे जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा आधार-रेशनकार्ड घेऊन निघा आणि आपल्या योजनेतलं काय तिथे चालतं ते निघण्यापूर्वी आरोग्यमित्राला विचारा. मुंबईला ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथल्या समाजसेवा विभागात निर्धन आणि दुर्बल घटकांच्या खाटांची चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून घरच्या माणसाने काढून पाठवायचा.

सोबत न्यायचे कागद: रेफरची चिठ्ठी (नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, काय दिलं आणि किती वाजता), सगळे रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्म, सीटीची सीडी. नुसता सीटीचा लेखी रिपोर्ट नेला की पुढे पुन्हा सीटी. हे रात्री मागायला लाज वाटते, मागा.

आणि डॉक्टरांनी सोडायच्या आधीच, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून पेशंट घेऊन जाणं. गणपतीच्या आधीचे दोन-चार दिवस हे फार चालतं. न्यायचंच असेल तरी औषधांची यादी आणि चिठ्ठी घेतल्याशिवाय निघू नका. सही केली म्हणून ती देणं दवाखान्याला टाळता येत नाही. उपचाराच्या कागदांची प्रत लेखी मागितल्यास ७२ तासांत द्यायची असते.

डिस्चार्ज

राउंडला "सोडतो" म्हटल्यापासून कार्ड हातात पडेपर्यंत दुपार होते, आणि वाडीला जाणारी शेवटची एसटी कुणासाठी थांबत नाही. गाडीची वेळ सिस्टरला सकाळीच सांगून ठेवा. कार्ड खाटेवर बसूनच वाचा: कुठली गोळी किती दिवस (१-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक), जुन्या गोळ्यांपैकी काय बंद, टाके कधी काढायचे, ते आपल्या आरोग्य केंद्रात काढता येतील का, पुन्हा कधी दाखवायचं, आणि कुठलं लक्षण दिसलं तर तारखेची वाट न बघता यायचं. इन्शुलिन चालू झालं असेल तर घरी फ्रीज आणि लाईटचं बघा. वादळात चार दिवस लाईट जातात. चालू बाटली मातीच्या ओल्या मडक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तर साधारण चार आठवडे टिकते. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली फेकून द्यायची.

बाळ जन्मलं असेल तर निघण्याआधी जन्मनोंदीच्या अर्जावर आई-वडिलांची नावं आधारप्रमाणे आहेत का बघा. नोंद २१ दिवसांत होते, पुढे दुरुस्तीला तालुक्याच्या खेपा पडतात. मृत्यू झाला असेल तर कारणाचा दाखला आणि नोंद याच मुदतीत. तो कागद जमीन, बँक, पेन्शन सगळीकडे लागतो, निदान पाच प्रती काढा.

तक्रार किंवा शाबासकी

वॉर्डात आवाज चढवून काही मिळत नाही, शेजारच्या खाटेवरचा पेशंट मात्र जागा होतो. आधी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, मग निवासी वैद्यकीय अधिकारी, मग अधीक्षक, सिव्हिलला जिल्हा शल्य चिकित्सक. लेखी अर्ज एका पानाचा. तारीख, वेळ, वॉर्ड, खाट, पेशंटचा नोंदणी क्रमांक, काय मागितलं, काय मिळालं नाही, आणि आता काय हवं. "निष्काळजी", "माणुसकीशून्य" असे शब्द गाळा. "१४ तारखेला रात्री ११ ते १.३० सलाईन बंद होतं, तीनदा सांगितलं" याला उत्तर द्यावं लागतं. चांगलं काम केलेल्या सिस्टरचं किंवा मामांचं (वॉर्डबॉयचं) नावही याच पद्धतीने लिहून द्या, ते त्यांच्या फाईलला लागतं. अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक-जावक खिडकीत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच खिडकी सोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर तोच क्रमांक टाकून आपले सरकार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.